केबलशिवाय माहितीपट: करामातल्या घरासाठी साधा हिशेब

आजचा विषय पैशांचा आहे आणि टीव्हीचाही. घरात मुलं आहेत, त्यांना प्राणी, अवकाश, इतिहास, समुद्र यांवरचे कार्यक्रम दाखवायचे आहेत. डिस्कव्हरी किंवा नॅशनल जिओग्राफिक यांसारखी वाहिनी हवी आहे. पण त्या एका वाहिनीसाठी दरमहा मोठं पॅकेज घ्यायचं, आणि त्यातल्या उरलेल्या दीडशे वाहिन्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही, हे काही पटत नाही. करामात राहणाऱ्या कुटुंबाला भाडं, शाळेची फी आणि गावी पाठवायची रक्कम वजा जाता जे उरतं, त्यात हे कसं बसवायचं ते आज बघू. कागद-पेन्सिल जवळ ठेवा, थोडे आकडे येणार आहेत.

आधी बिल वाचा

आपण सवयीने ‘केबल’ म्हणतो, पण आपल्या भारतातल्या गल्लीत खांबावरून यायची तशी केबल इथे नाही. इथे घरात फायबरची तार येते आणि तिच्यावरूनच इंटरनेट, टीव्ही आणि लँडलाइन असं तिन्ही येतं. ही सेवा देणाऱ्या कंपन्या दोन: एतिसलात आणि डू. म्हणजे बहुतेक घरांत टीव्हीचं बिल वेगळं येतच नाही, ते इंटरनेटच्या बिलातच मिसळलेलं असतं. त्यामुळे होतं काय, की टीव्हीवर आपण नेमके किती दिरहम घालतो हे घरात कुणालाच माहीत नसतं.

म्हणून पहिलं काम हे. या महिन्याचं बिल ॲपमध्ये उघडा आणि ओळ न् ओळ वाचा. मूळ योजना कितीची, वर घेतलेला टीव्ही पॅक कितीचा, सेट टॉप बॉक्सचं भाडं लागतं का, आणि शेवटी ५ टक्के व्हॅट. हा व्हॅट १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे, आणि पॅकच्या जाहिरातीतला आकडा व्हॅट धरून आहे की सोडून, हे दर वेळी विचारायला हवं. मूळ योजनेत काही वाहिन्या आधीच मिळतात. त्यांत तुम्हाला हवी असलेली माहितीपटांची वाहिनी आहे का, हे यादीत शोधा. पुष्कळ घरांत ती आधीच येत असते आणि रिमोटवर तिथपर्यंत कुणी पोहोचलेलंच नसतं.

मग कंपनीला फोन करून दोन प्रश्न विचारा. टीव्ही पॅक काढला तर बिल किती कमी होईल? आणि माझा करार कधी संपतो? करार साधारण १२ किंवा २४ महिन्यांचा असतो आणि मधेच मोडला तर शुल्क लागतं. वर घेतलेला पॅक मात्र अनेकदा मूळ कराराला हात न लावता काढता येतो. समजा पॅक काढून महिन्याला ५० दिरहम वाचले, तर वर्षाचे ६०० झाले. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्याच्याशी ताडून बघायचा आहे. घर बदलणार असाल किंवा नवीन जोडणी घेणार असाल, तर फक्त इंटरनेट देणाऱ्या, सिमकार्डावर चालणाऱ्या वायरलेस राउटरच्या योजनाही दोन्ही कंपन्यांकडे आहेत. त्यांची चौकशी आधी करा.

वाहिनी हवी की कार्यक्रम?

आता एक फरक समजून घेऊ, कारण पैसे नेमके इथेच फुकट जातात. वाहिनी म्हणजे चोवीस तास चालणारं प्रक्षेपण. ते पॅकेज विकणाऱ्या कंपनीला घाऊक दिलेलं असतं, आपल्याला सुटं मिळत नाही. कार्यक्रम मात्र ॲपवर, यूट्यूबवर, कधी मोफत उपग्रह वाहिनीवर वेगळा मिळतो. मुलाला शार्क बघायचे असतील तर त्याला वाहिनीशी काही देणंघेणं नसतं, शार्कशी असतं. तेव्हा घरात विचारा, नेमकं काय बघायचंय? उत्तर ‘काहीही, चालू ठेवायला’ असं असेल तर वाहिनी हवी. उत्तर ‘अवकाश’, ‘किल्ले’, ‘प्राणी’ असं असेल तर कार्यक्रम पुरेसे आहेत, आणि ते बरेच स्वस्त पडतात.

दुसरी गोष्ट हक्कांची. प्रत्येक कार्यक्रमाचे हक्क देशागणिक विकले जातात. म्हणून पुण्याच्या घरी भावाच्या फोनवर जे ॲप सगळं दाखवतं, तेच इथे अर्धी यादी दाखवतं किंवा उघडतच नाही. सुट्टीत गावी गेल्यावर तिकडची वर्षभराची वर्गणी स्वस्त वाटते म्हणून भरून येऊ नका. ते ॲप अमिरातीत चालतं का, आणि तुम्हाला हवा तो कार्यक्रम इथल्या यादीत आहे का, हे आधी तपासा. डिस्कव्हरीच्या कार्यक्रमांचे या भागातले हक्क वेळोवेळी वेगवेगळ्या ॲपकडे गेले आहेत. म्हणून ॲपच्या नावावर जाऊ नका. पैसे भरण्याआधी त्या ॲपच्या शोधात कार्यक्रमाचं नाव टाकून बघा.

छतावरची छत्री

मोफत मिळणाऱ्यांत सर्वांत जुनी सोय म्हणजे डिश, आपल्या भाषेत छत्री. अरबी जगतात शेकडो वाहिन्या उपग्रहावरून विनामूल्य येतात. नाइलसॅट ७ अंश पश्चिमेला आहे आणि अरबसॅटचे बद्र उपग्रह २६ अंश पूर्वेला. डिश, तिच्या तोंडाशी बसणारा एलएनबी आणि साधा रिसीव्हर, एवढंच लागतं. खर्च एकदाच, महिन्याची वर्गणी नाही.

आपल्या कामाची यातली वाहिनी म्हणजे नॅशनल जिओग्राफिक अबू धाबी. ती जुलै २००९ मध्ये अरबी भाषेतली मोफत वाहिनी म्हणून सुरू झाली. ‘पण अरबी कुणाला कळतं?’ असं म्हणाल. तुमच्या मुलांना थोडंफार कळतं! इथल्या खासगी शाळांत अरबी सक्तीची आहे आणि पुस्तकातलं अरबी परीक्षा झाली की विसरलं जातं. सिंह, वाळवंट, पाऊस, ज्वालामुखी हे शब्द चित्राबरोबर कानावर पडले तर टिकतात. चित्र समजायला भाषा लागत नाही आणि शब्द समजायला चित्राची मदत होते. शिकवणीचे पैसे न मोजता होणारा हा सराव आहे.

पण एक सांभाळा. बाल्कनीत डिश लावायला दुबई पालिकेची मनाई आहे, दंड होऊ शकतो. डिश छतावरच हवी, तीही इमारतीच्या परवानगीने. शिवाय बाल्कनीतून फारसं काही हाती लागतही नाही, कारण दुबईतून पाहिलं तर नाइलसॅट पश्चिमेला खूप खाली, क्षितिजापासून साधारण १७ अंशांवरच येतो. समोर एखादी उंच इमारत आली की सिग्नल गेलाच. बद्र उपग्रह त्या मानाने बराच वर, ४५ अंशांच्या आसपास आहे. करामातल्या जुन्या, कमी उंचीच्या इमारतींवर बहुधा सामायिक डिश असते आणि तिची तार प्रत्येक फ्लॅटच्या भिंतीतल्या टीव्हीच्या खोबणीपर्यंत आलेली असते. नातूरला विचारा. तार जिवंत असेल तर तुम्हाला फक्त रिसीव्हर घ्यावा लागेल. बऱ्याच नव्या टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो, मग तोही नको.

इंटरनेटवरचं मोफत

इंटरनेट घरात आहेच, तर त्यावर कायदेशीर आणि फुकट किती आहे ते बघू.

जर्मनीच्या डॉइचे वेले संस्थेची ‘डीडब्ल्यू डॉक्युमेंटरी’ ही यूट्यूब वाहिनी पूर्ण लांबीचे माहितीपट देते, इंग्रजीत आणि हिंदीतही. जपानची एनएचके वर्ल्ड ही इंग्रजी वाहिनी तिच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर थेट दिसते, वर्गणी लागत नाही. लोककला, रेल्वे, स्वयंपाक, निसर्ग असे तिचे विषय असतात, आणि तुम्हाला चोवीस तास चालणारीच वाहिनी हवी असेल तर ही गरज तिथे भागते. अमेरिकेच्या नासाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नासा प्लस’ ही सेवा सुरू केली. वर्गणी नाही, जाहिराती नाहीत. अवकाशवेड्या मुलासाठी एवढं पुरे आहे. नेटफ्लिक्सने एप्रिल २०२० मध्ये आपले काही माहितीपट यूट्यूबवर सर्वांसाठी खुले केले, त्यांत डेव्हिड ॲटनबरो यांच्या आवाजातली ‘अवर प्लॅनेट’ ही मालिकाही होती. नेटफ्लिक्सची वर्गणी नसेल तर आधी ती तिथे शोधा.

आता आपल्या मातीतलं. चित्रपटगृहात सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट दाखवला जायचा, हे घरातल्या आजी-आजोबांना नक्की आठवत असेल. १९४८ साली सुरू झालेल्या या संस्थेने मुंबईतून हजारो माहितीपट काढले. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिच्या संग्रहातले बरेच जुने माहितीपट यूट्यूबवर बघायला मिळतात. जब्बार पटेल यांनी कुमार गंधर्वांवर केलेला ‘हंस अकेला’ हा माहितीपट फिल्म्स डिव्हिजनसाठीच केलेला. प्रसार भारतीनेही दूरदर्शनचा खजिना यूट्यूबवर खुला करायला सुरुवात केली आहे. श्याम बेनेगल यांची १९८८ची ५३ भागांची ‘भारत एक खोज’ ज्यांनी लहानपणी पाहिली, त्यांनी ती आता मुलांबरोबर बसून पाहावी. सह्याद्री वाहिनीचीही यूट्यूबवर उपस्थिती आहे.

शुद्ध मराठीत, आजच्या गावाचं काही हवं असेल तर पाणी फाउंडेशनची ‘तुफान आलंय’ ही मालिका आहे. दुष्काळी गावांनी श्रमदानाने पाणी कसं अडवलं याच्या खऱ्या गोष्टी त्यात आहेत. दुबईत नळ सोडला की समुद्राचं खारं पाणी गोडं होऊन येतं, त्यामुळे इथल्या मुलाला पाण्याची किंमत कळणं अवघड असतं. सातारा, बीड, अमरावतीकडची माणसं चर खणताना त्याला दिसू द्या.

एक खूण लक्षात ठेवा. यूट्यूबवर चोरून चढवलेले माहितीपटही असतात. चित्र उलटं केलेलं, आवाज बदललेला, कडेला चौकट घातलेली, असं दिसलं की ओळखा. असे व्हिडिओ कधीही काढून टाकले जातात. वाहिनीच्या नावावर टिचकी मारा आणि ती संस्थेची स्वतःची आहे का ते बघा.

पैसे मोजायचेच असतील तर

मोफतवर भागत नसेल तर एखादी वर्गणी घ्या, पण हिशेब करून. इथे आपल्याला एक सोय आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. त्यामुळे डॉलरमधली किंमत दिरहममध्ये काढताना भाव चढण्या-उतरण्याची चिंता नाही.

डिस्कव्हरी वाहिनी १९८५ मध्ये सुरू करणाऱ्या जॉन हेंड्रिक्स यांनीच २०१५ मध्ये ‘क्युरिऑसिटी स्ट्रीम’ ही फक्त माहितीपटांची सेवा काढली. सुरुवातीला तिची किंमत महिन्याला २.९९ डॉलर होती. २०२३ मध्ये ती ४.९९ डॉलर झाली, आणि वर्षाची एकदम भरली तर ३९.९९ डॉलर. याचे दिरहम करू. महिन्याला १८ दिरहम ३३ फिल्स, म्हणजे वर्षाचे सुमारे २२०. एकदम वर्षाचे भरले तर सुमारे १४७. मघाशी उदाहरणादाखल ६०० लिहिले होते, त्याच्या चौथ्या हिश्शात काम झालं. आजचा दर भरण्याआधी बघून घ्याच, कारण असे दर बदलत राहतात. आणि तुमचं कार्ड परदेशी व्यवहारावर वेगळं शुल्क लावतं का, तेही बँकेला विचारा.

नॅशनल जिओग्राफिकच हवं असा हट्ट असेल तर डिस्ने प्लसमध्ये त्याचा वेगळा विभाग आहे. ही सेवा अमिरातीत ८ जून २०२२ रोजी सुरू झाली तेव्हा महिन्याला २९.९९ दिरहम होती. आजची किंमत ॲपमध्ये दिसेलच. कार्टूनसाठी ती घरात आधीच असेल, तर नॅशनल जिओग्राफिकचे वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

काटकसरीची युक्ती अशी, की वर्गणी बारा महिने चालू ठेवायची नाही. शाळा चालू असताना मोफतवर भागवायचं. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत, बाहेर पाय टाकवत नाही अशा उन्हात, एक-दोन महिन्यांची वर्गणी घ्यायची आणि मनसोक्त बघायचं. पैसे भरले त्याच दिवशी ‘पुढचं नूतनीकरण बंद’ करून टाका. बऱ्याच सेवांवर भरलेला महिना त्यानंतरही पूर्ण चालतो. मोफत चाचणी घेतलीत तर ती संपण्याच्या दोन दिवस आधीचा गजर फोनवर लावा. विसरलेल्या वर्गण्या हेच घरातलं सर्वांत महाग मनोरंजन असतं.

टीव्हीवर कसं लावायचं?

टीव्ही स्मार्ट असेल तर ॲप थेट त्यावर. जुना असेल पण मागे एचडीएमआयची खोबण असेल तर स्ट्रीमिंगची छोटी स्टिक लावा. तीही नको असेल तर लॅपटॉप एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडा, खर्च फक्त तारेचा. वेगाचं म्हणाल तर एका एचडी चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिट पुरतात. नुसत्या माहितीपटांसाठी इंटरनेटची महागडी योजना नको. मात्र मोबाइलच्या डेटावर बघू नका. एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, दोन भागांत महिन्याचा पॅक आटोपला समजा.

फ्लॅट शेअरिंगमध्ये राहत असाल तर वायफायसारखी वर्गणीही वाटून घेऊ, असं मनात येतं. पण बऱ्याच सेवांच्या अटींनुसार एक खातं एका कुटुंबापुरतंच असतं. नेटफ्लिक्सने तर २०२३ पासून त्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली आहे. शेजाऱ्यांनी एकत्र बघायचंच असेल तर एखाद्या रविवारी एकाच टीव्हीसमोर बसून बघा. ते जास्त छान.

स्वस्तातलं महाग

आता ऐकायला थोडं कडू वाटेल, पण सांगणं भाग आहे. ‘एकदाच पैसे भरा, हजार वाहिन्या, वर्षभर’ असं सांगून एक बॉक्स विकला जातो. कधी ओळखीतून, कधी व्हॉट्सॲपवरून. तो प्रक्षेपण चोरून दाखवतो. भारतातून आणलेल्या डीटीएच बॉक्सचंही तसंच. त्या सेवेचा परवाना भारतापुरताच आहे, कार्ड तुमच्या नावावर असलं आणि रिचार्ज गावाहून भाऊ करत असला तरी.

अमिरातीचा कॉपीराइटचा कायदा २०२१चा आहे, त्यात दंड आणि कैद दोन्ही आहेत. व्हीपीएनबद्दलही गैरसमज आहे. व्हीपीएन बाळगणं हा इथे गुन्हा नाही, कंपन्या तो रोज वापरतात. पण गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी खोटा नेटवर्क पत्ता वापरला, तर २ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सायबर कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची आणि कैदेची तरतूद आहे. आपण इथे नोकरीच्या व्हिसावर आहोत. एका माणसाच्या व्हिसावर बायको-मुलांचे व्हिसा, मुलांची शाळा, गावच्या घराचा हप्ता, सगळं उभं आहे. महिन्याचे वीस-तीस दिरहम वाचवायला ते पणाला लावायचं का, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणि व्यवहाराची बाजू बघा. असा बॉक्स एक दिवस बंद पडतो, विकणाऱ्याचा फोन लागत नाही आणि पावती तर नसतेच. कार्डाचा क्रमांक त्याला दिला असेल तर काळजी वेगळीच.

या आठवड्यात काय कराल?

क्रम सोपा ठेवा. आज बिल वाचा. उद्या नातूरला डिशच्या तारेबद्दल विचारा. या शनिवार-रविवारी तीन मोफत वाहिन्या टीव्हीवर जतन करा: एक अवकाशाची, एक निसर्गाची, एक आपल्याकडची. महिनाभर एवढ्यावर काढून बघा. तरीही कमी पडलं तरच एक वर्गणी घ्या, दोन नकोत. आणि टीव्ही पॅक कुणी बघितला नाही हे महिन्याने लक्षात आलं, तर तो काढायचा फोन करा.

शेवटची गोष्ट, तिला एक दिरहमही लागत नाही. माहितीपट इंग्रजी असो, हिंदी असो की अरबी, बघताना तुम्ही मराठीत बोला. गरुड, खेकडा, भरती-ओहोटी, दीपगृह, धूमकेतू हे शब्द करामातल्या मुलाच्या कानावर एरवी कधी पडणार? गावच्या आजीला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि खेकडा कसा पकडतात ते तिलाच सांगू द्या. तेवढं निवेदन कुठल्याच पॅकेजमध्ये मिळत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत बिल वाचायला विसरू नका. नमस्कार!